काडीचें अंतर

तांबड्या समुद्राच्या पश्चिमेस, आफ्रिकेच्या डोंगराळ पठारावर, अक्सूम नांवाचें एक प्राचीन राज्य होतें. हा हबशांचा देश. आज त्यास इथिओपिया म्हणतात. चौथ्या शतकांत एझाना राजाच्या काळीं तेथें ख्रिस्ती धर्मास राजाश्रय मिळाला. पुढें इ. स. ६१५ च्या सुमारास त्या दरबारांत एक विलक्षण खटला उभा राहिला. मक्केंतील कांहीं स्त्रीपुरुष समुद्र ओलांडून तेथें आश्रयास आले होते. महंमद पैगंबरांची शिकवण त्यांनीं स्वीकारली, एवढाच त्यांचा अपराध. आणि तेवढ्यासाठीं स्वतःच्याच नगरांत, स्वतःच्याच नातलगांकडून त्यांचा छळ चालला होता. त्यांच्या पाठोपाठ मक्केच्या कुरेश पुढाऱ्यांचे दोन वकील कमावलेल्या कातड्यांचा नजराणा घेऊन दरबारीं हजर झाले. हीं पळून आलेलीं माणसें परत आमच्या हवालीं करावीं, ही त्यांची मागणी होती.

ही हकीकत आठव्या शतकांतील चरित्रकार इब्न इसहाक ह्याच्या द्वारें मुसलमान परंपरेंत चालत आली आहे. ह्या परंपरेंत हबशांच्या राजाला नजाशी म्हणतात. राजानें नजराण्याकडे पाहून निकाल दिला नाहीं. निर्वासितांचें म्हणणें त्यानें आधीं ऐकून घेतलें. पैगंबरांचे चुलतबंधु जाफर त्यांच्या वतीनें बोलावयास उभे राहिले. आपले लोक पूर्वीं मूर्तींपुढें नमत, दुर्बळाला लुबाडीत व शेजाऱ्याची पर्वा करीत नसत. एक ईश्वर, खरें बोलणें, ठेव परत करणें आणि नातलगांशीं व शेजाऱ्यांशीं नीट वागणें हें त्यांना पैगंबरांनीं शिकविलें, असें त्यांनीं निवेदन केलें. नंतर कुराणांतील मरीयेच्या नांवाच्या अध्यायाचा आरंभ त्यांनीं म्हणून दाखविला. तो ऐकतां ऐकतां राजाची दाढी आसवांनीं भिजली, असें चरित्रकार सांगतो.

दुसऱ्या दिवशीं वकिलांनीं निराळा डाव टाकला. हे लोक येशूविषयीं काय मानतात तें त्यांना विचारावें, असें त्यांनीं राजाला सुचविलें. जाफर ह्यांनीं उत्तर चुकविलें नाहीं. येशू हा ईश्वराचा सेवक व प्रेषित, कुमारी मरीयेच्या ठायीं उतरलेला त्याचा शब्द व त्याचा आत्मा, असें त्यांनीं सांगितलें. तेव्हां राजानें जमिनीवरची एक काडी उचलली आणि येशूचें खरें स्वरूप ह्या वर्णनाहून काडीइतकेंही निराळें नाहीं, असा अभिप्राय दिला. शेजारीं बसलेले धर्माधिकारी कुरकुरले. राजानें त्यांच्याकडे लक्ष दिलें नाहीं. नजराणा परत गेला आणि निर्वासित त्याच्या राज्यांत सुखरूप राहिले.

राजाचें बोलणें औदार्याचें होतें. परंतु धर्माधिकाऱ्यांची कुरकुर अगदींच अस्थानीं होती, असें म्हणतां येणार नाहीं. ती काडी दिसते त्याहून लांब आहे. ख्रिस्ती व मुसलमान ह्या दोन धर्मांविषयीं बोलतांना सुशिक्षित घरांतूनसुद्धां दोन सोप्या समजुती ऐकूं येतात. सर्व धर्म अखेर एकच सांगतात, ही पहिली. आणि दुसऱ्याच्या धर्मांत कांहीं घेण्यासारखें नाहीं, ही दुसरी. ह्या दोन्ही समजुतींचा एक फायदा असा कीं, दुसऱ्याचा धर्म जाणून घेण्याचे श्रम वांचतात. ते श्रम घ्यावयाचे असतील तर काडी हातांत घेऊन मोजलीच पाहिजे.

आरंभीं साम्य पाहावें. ईश्वर एक आहे. त्यानें सृष्टि निर्माण केली. तो माणसाशीं प्रेषितांच्या द्वारें बोलतो. मनुष्य आपल्या कृत्यांना जबाबदार आहे. आणि एके दिवशीं सर्वांचा न्याय होणार आहे, ह्या पांच गोष्टी दोन्ही धर्मांस मान्य आहेत. दोघेही आपली परंपरा अब्राहामापर्यंत, म्हणजे मुसलमानांच्या इब्राहिमापर्यंत, नेऊन पोंचवितात. येशूला कुराणांत ईसा म्हटलें आहे, आणि त्यास मसीह ही पदवीही दिलेली आहे. त्याचा जन्म कुमारीच्या पोटीं झाला, त्याच्या हातून रोगी बरे झाले, आणि जगाच्या अंतीं तो पुन्हां येईल, ह्या गोष्टी बहुतेक मुसलमानही श्रद्धेनें मानतात. कुराणांत नांवानें उल्लेखिलेली स्त्री एकच आहे, आणि ती मरीया होय. ज्या अध्यायानें नजाशीला रडविलें तो अध्याय आजही मशिदींतून म्हटला जातो.

ह्यापुढें मात्र मार्ग फुटतात. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणें येशू हा मनुष्यरूप धारण केलेला ईश्वरच आहे. इ. स. ३२५ सालीं नायसीया येथें भरलेल्या धर्मपरिषदेनें पुत्र हा पित्याशीं एकतत्त्व आहे असा निर्णय दिला, आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा ह्यांचें त्रैक्य हा त्या धर्माचा पाया ठरला. इस्लामच्या दृष्टीनें ईश्वराला पुत्र नाहीं, भागीदार नाहीं व त्याच्या तोडीचें दुसरें कांहीं नाहीं. त्याच्याशीं दुसऱ्या कोणाची बरोबरी करणें ह्याहून मोठें पाप नाहीं. ख्रिस्ती माणसाला क्रूसावरील मरण हें सर्व इतिहासाचें मर्म वाटतें. कुराण त्या मरणाचाच इन्कार करतें. येशूला मारण्यांत शत्रूंना यश आलें नाहीं, देवानें त्याला आपल्याकडे उचलून घेतलें, असा त्याचा अर्थ बहुतेक मुसलमान पंडित करतात.

ह्या भेदाच्या मुळाशीं मनुष्यस्वभावासंबंधींचा आणखी एक भेद आहे, आणि नीतीच्या विचारांत तोच अधिक महत्त्वाचा आहे. आदमानें आज्ञा मोडली ही कथा दोन्हीकडे आहे. कुराणांतील आदम चुकतो, पश्चात्ताप करतो आणि त्याला क्षमा मिळते. ती चूक तेथेंच संपते. तिचा वारसा मुलांकडे जात नाहीं. मनुष्य दुर्बळ आहे, विसराळू आहे, म्हणून त्याला वाट दाखविणारा हवा. ख्रिस्ती विचारांत, विशेषतः संत ऑगस्टिन ह्यानें पांचव्या शतकाच्या आरंभीं पश्चिमेकडील चर्चला दिलेल्या विचारांत, आदमाच्या पतनानें मनुष्यस्वभावच रोगट झाला. त्याला वाट ठाऊक असूनही चालवत नाहीं. म्हणून त्याला उचलून नेणारा तारक हवा. पूर्वेकडील ख्रिस्ती संप्रदाय हें मत इतक्या कडकपणें मांडीत नाहींत, तथापि तारकाची गरज तेही मानतात. थोडक्यांत, इस्लाम माणसाला मार्ग देतो आणि ख्रिस्ती धर्म त्याला तारक देतो.

आतां ह्या एका भेदांतून नीतीचीं दोन निरनिराळीं वळणें कशीं निघालीं तें पाहण्यासारखें आहे. प्रथम पैशाची गोष्ट घ्यावी. इस्लाममध्यें जकात हें पंचस्तंभांपैकीं एक कर्तव्य आहे. ठराविक मर्यादेहून अधिक शिल्लक एक वर्षभर जवळ राहिली, तर तिचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे शेंकडा अडीच, दिलाच पाहिजे. तो कोणाला द्यावयाचा तेंही कुराणानें ठरवून दिलें आहे. गरीब, कर्जबाजारी, वाटसरू, गुलामगिरींतून सुटूं पाहणारा अशा आठ प्रकारच्या लोकांचा त्यावर हक्क आहे. ह्यांत देणाऱ्याचा उपकार नाहीं. घेणाराचा वांटाच त्याच्या घरीं पोंचता होतो.

शुभवर्तमानांत हिस्सा सांगितलेला नाहीं. एक श्रीमंत तरुण येशूकडे येतो, आपण सर्व आज्ञा पाळल्याचें सांगतो आणि पुढें काय करावें तें विचारतो. सारें विकून गरिबांना वांटून टाकण्याची आज्ञा त्याला होते. त्याची संपत्ति पुष्कळ असल्यामुळें तो खिन्न होऊन निघून जातो. मंदिराच्या दानपेटींत दोन क्षुद्र नाणीं टाकणारी विधवा मात्र सर्वांत मोठी दाती ठरते, कारण तिनें आपलें सर्वस्व टाकलेलें असतें. इस्लाम प्रत्येकाकडून जें प्रत्येकाला देतां येईल तें मागतो. ख्रिस्ती धर्म जें फार थोड्यांना देतां येईल तें सर्वांकडून मागतो, आणि न देतां आलेल्यांना आपली उणीव ओळखावयास लावतो.

दोन्ही वळणांत बळ आहे, आणि दोन्हींत धोकाही आहे. शेंकडा अडीच दिले, हिशेब मिटला, असें पहिल्या वाटेवरचा मनुष्य समजूं लागतो. दुसऱ्या वाटेवरचा मनुष्य आदर्शाला हात जोडतो आणि तिजोरीला कुलूप लावतो. दोन्ही समाजांना हे धोके कळले होते. इस्लाममध्यें जकातीच्या वर स्वेच्छेचें दान, सदका, सांगितलें आणि त्याला मर्यादा ठेवली नाहीं. ख्रिस्ती युरोपांत इ. स. ७७९ सालीं शार्लमेन राजानें उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला देणें सक्तीचें केलें. नियमाच्या धर्माला आदर्शाची गरज पडली आणि आदर्शाच्या धर्माला नियमाची. व्याजाच्या बाबतींतही असेंच झालें. दोन्ही धर्मांनीं व्याज निषिद्ध मानलें, इ. स. ११७९ सालच्या लॅटरन येथील धर्मपरिषदेनें उघड सावकारी करणाऱ्यास ख्रिस्ती दफनही नाकारलें. सोळाव्या शतकांत कॅल्विनसारख्या धर्मसुधारकांनीं माफक व्याजास मोकळीक दिली. इस्लाममध्यें निषेध कायम राहिला, आणि इ. स. १९६३ सालीं ईजिप्तमधील मीत घम्र येथें बिनव्याजी पेढीचा प्रयोग निघाला. ऋणको गरजेनें नाडलेला असतो व त्याच्या गरजेवर नफा उकळणें हीन आहे, हा मूळ विचार दोघांचा एकच. सावकाराच्या वहींत ज्यांचीं शेतें गेलीं त्या दख्खनच्या शेतकऱ्यांच्या मुलखांत तो समजावून सांगण्याची जरूर नाहीं.

दुसरी गोष्ट सूडाची व क्षमेची. जुन्या अरबस्तानांत एका खुनाबद्दल टोळीच्या टोळ्या पिढ्यान्पिढ्या लढत. कुराणानें सूडाला माप घातलें: अपराध्यालाच शिक्षा, आणि ती अपराधाएवढीच. त्यापुढें जाऊन मृताच्या वारसांना रक्ताची भरपाई घेऊन किंवा न घेतां क्षमा करण्याचा अधिकार दिला, आणि क्षमा श्रेष्ठ ठरविली. डोंगरावरील प्रवचनांत येशूनें मापाचा विचारच सोडून दिला आहे. मारणाऱ्यापुढें दुसरा गाल करावा आणि वैऱ्यावर प्रेम करावें, अशी ती शिकवण आहे. दोघांच्या चरित्रांतही हें दिसून येतें. इ. स. ६३० सालीं मक्का हातीं आल्यावर पैगंबरांनीं, थोडे अपवाद वगळतां, आपल्या जुन्या छळकांना अभय दिलें. येशूनें क्रूसावरून आपल्या मारेकऱ्यांसाठीं प्रार्थना केली. एकानें सत्ता हातीं आल्यावर क्षमा केली आणि दुसऱ्यानें सर्व सत्ता गमावलेल्या स्थितींत केली. कोणती अधिक कठीण, हें ठरविण्याची घाई कोणीं करूं नये.

अनुयायांचा इतिहास मात्र दोघांनाही नम्र करणारा आहे. जेथें रविवारीं दुसरा गाल पुढें करण्याचा उपदेश ऐकला जाई, त्या इंग्लंडांत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं दोनशेंहून अधिक गुन्ह्यांस फांशीची शिक्षा होती, आणि त्यांत किरकोळ चोऱ्याही होत्या. तिकडे वारसांच्या क्षमेचा सुंदर नियम, खुनी व वारस एकाच घरचे असले म्हणजे, कसा उलटतो हें पाकिस्तानांत दिसून आलें. घराण्याच्या अब्रूसाठीं मुलीला मारणाऱ्या भावाला बाप क्षमा करी आणि खटला मिटे. इ. स. २०१६ सालीं तेथें कायदा बदलून अशा खुन्यास, वारसांनीं क्षमा केली तरीही, जन्मठेपेची शिक्षा ठरविण्यांत आली.

तिसरी गोष्ट घरांतील. विवाह ही ईश्वरानें बांधलेली गांठ, ती माणसानें सोडूं नये, अशी येशूची शिकवण. इस्लाममध्यें विवाह हा करार आहे. तो मोडण्याची मुभा आहे, परंतु परवानगी असलेल्या गोष्टींत देवाला सर्वांत अप्रिय तीच, असें हदीसांत सांगितलें आहे. स्त्रीला वारसाहक्क कुराणानें सातव्या शतकांत दिला, जरी मुलीचा वांटा मुलाच्या निम्मा ठेवला. इंग्लंडांतील विवाहितेला स्वतःच्या नांवावर सर्व प्रकारची मालमत्ता ठेवण्यासाठीं इ. स. १८८२ सालच्या कायद्याची वाट पाहावी लागली. पण येथेंही तत्त्वाच्या छायेखालीं स्त्रीचे हाल झालेच. हिंदुस्थानांतील ख्रिस्ती समाजास लागू असलेल्या १८६९ च्या कायद्याप्रमाणें नवऱ्याला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणें पुरे होई. पत्नीला मात्र बहुतेक प्रसंगीं त्याबरोबर क्रौर्य किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. ही विषमता २००१ सालीं दूर झाली. एका दमांत तीनदां तलाक उच्चारून संसार मोडण्याची चाल सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं रद्द ठरविली, आणि २०१९ सालीं ती कायद्यानें गुन्हा झाली. एका घरांत दार उघडत नव्हतें आणि दुसऱ्या घरांत तें एका शब्दासरशीं उघडून स्त्रीला बाहेर काढलें जात होतें. दोन्ही ठिकाणीं मूळ उपदेशांतील करुणा सुटली व पुरुषाची सोय तेवढी राहिली.

गुलामगिरीचा दाखला तर ह्याहूनही बोलका आहे. हबशी गुलाम बिलाल ह्यांना अबू बकर ह्यांनीं विकत घेऊन मुक्त केलें आणि नमाजाची पहिली बांग देण्याचा मान त्यांना मिळाला. पौलानें पळून आलेल्या एका गुलामाला परत पाठवितांना, त्याला भाऊ समजून घरांत घ्यावें, असें धन्यास पत्र लिहिलें. तरीसुद्धां दोन्ही धर्मांच्या राज्यांत माणसांचे बाजार शतकानुशतकें भरले. खडकी शहर वसविणारा व निजामशाहीचा कारभार सांभाळणारा मलिक अंबर हा मूळचा ह्याच हबशांच्या देशांतला. लहानपणीं गुलाम म्हणून विकला जाऊन, हात बदलत बदलत तो दख्खनेंत आला. त्याच काळीं ख्रिस्ती पोर्तुगीजांच्या गोव्यांतही गुलामांची विक्री उघडपणें चाले. ब्रिटिश साम्राज्यांतील गुलामगिरी मोडणारा कायदा १८३३ सालीं झाला, सौदी अरबस्तानांतील गुलामगिरी १९६२ सालीं संपली. आणि ज्या भूमींत नजाशीनें निर्वासितांना अभय दिलें होतें, त्या ख्रिस्ती इथिओपियांत ती १९४२ सालीं कायद्यानें बंद झाली. धर्मग्रंथांत बीज होतें. तें उगवावयास इतका काळ लागला.

कांहीं लोक असा निष्कर्ष काढतात कीं, इस्लाम बाह्य आचार पाहतो आणि ख्रिस्ती धर्म अंतःकरण पाहतो. तो खरा नाहीं. इमाम बुखारी ह्यांच्या विख्यात हदीससंग्रहांतील पहिलीच हदीस, कर्माचें मोल हेतूवर ठरतें, अशा आशयाची आहे. त्याच संग्रहांत एका पतित स्त्रीची कथा आहे. तहानेनें व्याकुळ झालेला कुत्रा पाहून तिनें आपला जोडा ओढणीला बांधून विहिरींतलें पाणी काढलें व त्याला पाजलें. तेवढ्यावर तिच्या पापांची क्षमा झाली. लूकच्या शुभवर्तमानांत येशूचे पाय आसवांनीं धुणाऱ्या पतितेलाही अशीच क्षमा मिळते. काशीच्या गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या मुखीं ओतणारे नाथ ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना ह्या कथांचें मर्म परकें वाटूं नये.

अखेर पुन्हां काडीकडे वळावें. मत्तयाच्या शुभवर्तमानांत शेवटच्या न्यायाचें चित्र आहे. सिंहासनावरचा राजा माणसांना त्यांचें मत विचारीत नाहीं. आपण भुकेले होतों, तहानेले होतों, आजारी होतों, तेव्हां कोण धांवून आलें, एवढेंच तो विचारतो. लोक गोंधळतात, राजाला भुकेला त्यांनीं केव्हां पाहिला? दरिद्र्यांतल्या दरिद्र्यासाठीं जें केलें तें आपल्यासाठींच केलें, असें राजा सांगतो. इ. स. ८७५ सालीं वारलेल्या इमाम मुस्लिम ह्यांच्या हदीससंग्रहांत जवळजवळ हाच प्रसंग आहे. तेथेंही ईश्वर न्यायाच्या दिवशीं माणसाला, आपण आजारी असतां तो भेटीला कां आला नाहीं, हें विचारतो. तेथेंही मनुष्य चकित होतो. विश्वाचा स्वामी आजारी कसा पडेल? तेव्हां ईश्वर त्याला आपल्या एका आजारी सेवकाची आठवण देतो, आणि त्याला भेटावयास गेला असता तर आपली भेट त्याच्यापाशींच झाली असती, असें सांगतो.

दोन्ही वर्णनें शेजारीं ठेवलीं म्हणजे काडीचें अंतर डोळ्यांना दिसतें. ख्रिस्ती चित्रांत राजा त्या दीनांच्या ठायीं स्वतः आहे, कारण तो देह धारण करून दीनांत उतरलेला आहे. मुसलमानी चित्रांत ईश्वर त्या रोग्याच्या जवळ आहे. तो स्वतः रोगी होत नाहीं, कारण तो कोणतेंच रूप घेत नाहीं. सारा सिद्धान्तभेद ह्या एवढ्याशा फरकांत उतरला आहे, आणि तो पुसण्याचें कारण नाहीं. पण दोन्ही चित्रांतली खाट एकच आहे, तिच्यावर कण्हणारा मनुष्य एकच आहे, आणि त्याच्याकडे न गेलेल्याला विचारलेला प्रश्नही एकच आहे.

नजाशीनें काडी उचलून जें सांगितलें तें धर्मशास्त्र म्हणून त्याच्या धर्माधिकाऱ्यांना पटलें नाहीं. त्यानंतर त्यानें जें केलें, तें मात्र दोन्ही धर्मांच्या कसोटीस उतरणारें होतें. त्यानें नजराणा परत केला आणि आश्रयास आलेल्या परक्यांना शत्रूच्या हातीं दिलें नाहीं.